गोरेपणाची ट्यूब आणि लोकांची नजर

लग्नसराई तोंडावर आली की औषधाच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते : "महिनाभरात चेहरा उजळेल असं काहीतरी द्या." दुकानदार फारसं विचारत नाही, एक ट्यूब काढून देतो. ती ट्यूब चेहऱ्याचं काय करते ते पुढे येईलच. पण ती मागावीशी का वाटते, हे आधी पाहू. ते कळल्याशिवाय नुसतं 'क्रीम लावू नका' म्हटलेलं कुणी ऐकत नाही.

१९८० साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये क्लेक आणि स्ट्रेन्टा या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यात भाग घेणाऱ्या काही स्त्रियांच्या गालावर रंगाने एक मोठा, विद्रूप व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग त्यांना एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायच्या होत्या. खोलीबाहेर पडण्याआधी 'व्रण तडकू नये म्हणून थोडं क्रीम लावतो' असं सांगून प्रत्यक्षात तो पुसून टाकला. म्हणजे गाल स्वच्छ होता, फक्त त्या बाईला ते ठाऊक नव्हतं. परत आल्यावर या स्त्रियांनी सांगितलं, की समोरची व्यक्ती अवघडली होती, टक लावून बघत होती, कीव केल्यासारखी बोलत होती. नसलेल्या व्रणाकडे लोक बघत असल्याचं त्यांना दिसलं होतं!

असाच दुसरा प्रयोग २००० साली कॉर्नेल विद्यापीठातला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालायला लावून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार. विचारल्यावर कळलं, जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लक्षात आलं होतं. आपल्याला वाटतं तेवढं लोक आपल्याकडे बघत नाहीत. त्यांना त्यांचीच काळजी असते.

मग सगळे मनाचेच खेळ का? आपल्या बाबतीत असं म्हणून चालणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांवरची नजर कल्पनेतली नव्हती. इंदूरकडच्या गावांत १९२८ साली बलाई समाजावर लादलेल्या अटी बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये नोंदवून ठेवल्या आहेत : जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. अंगावरच्या कापडावरून माणसाची पायरी दुरूनच ओळखता यावी, अशी ती व्यवस्था होती.

म्हणूनच महाडला डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याच्या पद्धतीचा विषय काढला. त्या पद्धतीवरून आणि गळ्या-हातांतल्या जड दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, तेव्हा ती खूण टाकून द्या, कपडे स्वच्छ ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं. त्यासाठी नवं लुगडं घेण्याची गरज नव्हती, होतं तेच वेगळ्या तऱ्हेने नेसायचं होतं. स्त्रियांनी ते तिथल्या तिथे करून दाखवलं. पुतळ्यांमधला बाबासाहेबांचा कोट-टायही याच दृष्टीने पाहावा. त्याला छानछोकी म्हणणाऱ्यांना तो कळलेलाच नाही.

पोशाखाने आपली बुद्धी तल्लख होते, असाही दावा केला जातो. २०१२ साली एका अभ्यासात डॉक्टरचा पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष अधिक एकाग्र झाल्याचं दिसलं, त्याचा खूप गाजावाजा झाला. पुढे जास्त लोक घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. पण मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून गेलं की पाठ जरा ताठ होते, हे सांगायला प्रयोग लागत नाही. हौसेने लिपस्टिक लावणाऱ्या मुलीला नावं ठेवण्याचंही कारण नाही. रात्री तोंड धुतलं की ती निघून जाते.

रंगाचं मात्र तसं नाही. लुगडं नेसण्याची तऱ्हा बदलता येते, कातडीचा रंग त्वचेतल्या मेलॅनिनचा, आणि ते उन्हापासून आपलं रक्षण करतं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी 'चांगली बाहुली' म्हणून गोरी उचलली. वय किती? तीन ते सात वर्षं. ही नजर मुलांना कुणी शाळेत बसवून शिकवलेली नव्हती. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात 'वर्ण : गोरा, निमगोरा, सावळा' हा रकाना अजून असतो. जातीचा रकाना खोडा म्हणणारे आपणच, याला मात्र निमूटपणे उत्तर लिहितो. घरातली पोर तो अर्ज वाचत असते.

आता त्या ट्यूबकडे वळू. गोरं करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पाकिटावर बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसेल. ही खरी औषधं आहेत, काही त्वचारोगांवर डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळ, तुकतुकीत दिसतो, म्हणून मैत्रिणी एकमेकींना नाव सांगतात. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते, उन्हात आग होते. घाबरून क्रीम बंद केलं की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. गजकर्णावर असं क्रीम चोळलं तर खाज थांबते आणि गजकर्ण आतून पसरतं.

नाव-पत्ता, घटक काहीच न लिहिलेल्या डबीतलं क्रीम तर हातातही घेऊ नये. त्यात पारा असू शकतो. सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा नको, अशी मर्यादा आहे. अशा डब्यांत तो त्याच्या हजारो पट निघाल्याची उदाहरणं आहेत. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळात आणि आपल्या अकोल्यातही अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं डॉक्टरांना आढळलं आहे. असं क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीच्या पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर क्रीम ताबडतोब थांबवून लघवीची तपासणी करावी आणि डॉक्टरांना ती डबीच नेऊन दाखवावी.

काळेपणाच्या भीतीपायी एक खरी खूणही दुर्लक्षित राहते. मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला किंवा काखेत जाडसर, मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो आणि आई तो मळ समजून घासत बसते. तो घासून जात नाही. बऱ्याचदा ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाची सूचना असते. तिथे साबण किंवा क्रीम नको, वजन आणि रक्तातली साखर तपासायला हवी.

काही जणांचा त्रास याहून खोल असतो. नाक वाकडं आहे, केस विरळ झालेत, असा एखादाच विचार रोज तासन् तास डोक्यात घोळतो. पुन्हा पुन्हा आरसा पाहणं किंवा आरसा टाळणंच, फोटो नाकारणं, कॉलेज बुडवणं सुरू होतं. इतरांना ते व्यंग दिसतही नाही. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. साधारण शंभरात दोघांना तो असतो आणि बहुधा किशोरवयात सुरू होतो. 'एवढं काय त्यात' म्हणून तो जात नाही, पण समुपदेशनाने आणि औषधांनी बरं वाटतं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि स्टेरॉइडचं क्रीम बरेच महिने लावलं असेल तर ते एका दिवसात आपल्या मनाने सोडू नये. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात ट्यूब सोबत घेऊन जावं. तिथले डॉक्टर ते हळूहळू कसं कमी करायचं ते सांगतात. चेहरा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तोवर उन्हात छत्री किंवा ओढणी, आणि तोंड धुवायला साधं पाणी.