मुलांना घेऊन हिवाळ्यात दुबईला : एका गोंदियाकर घराची तयारी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात भिशीची आमची पाळी लागली. तीन लाख रुपये एकदम हातात आले आणि घरात दोन दिवस नुसती कुजबूज. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या वर्गातली एक मुलगी दुबईहून आली होती, तिथल्या कुठल्याशा पार्कमध्ये काढलेला फोटो शाळेत दाखवून गेली होती. त्या दिवसापासून आमच्या घरी जेवताना, अंघोळीला, झोपताना एकच प्रश्न : आपण कधी जायचं?

अम्मी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिताना सहज म्हणाल्या, "घेऊन जा मुलांना. माझं काय, बोलावणं येईल तेव्हा जाईन."

हे वाक्य आम्ही आधी ऐकलेले होते. अब्बू हेच म्हणायचे. आधी मिलचे हप्ते, मग नणंदेचे लग्न, मग घराचा स्लॅब. त्यांचे उमऱ्याला जाणे राहिले ते राहिलेच. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या कपाटात पासपोर्टचा अर्धा भरलेला फॉर्म सापडला.

त्या रात्री आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. दोन्ही एका वर्षात जमणार नव्हते. कर्ज काढून फिरायला जायचे नाही हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरले होते; "आता फिरा, नंतर भरा"च्या जाहिराती कितीही गोड असोत, व्याज ते व्याजच. म्हणून क्रम लावला. आधी अम्मींचा उमरा, मुलांचे पार्क एक वर्ष पुढे. थोरली दोन दिवस रुसली. या जानेवारीत अम्मी मोठ्या भाईंबरोबर विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून जिद्दाला जाऊन आल्या. भिशीतले जे उरले त्यात वर्षभर भर घालत आता आम्ही येत्या जानेवारीची, म्हणजे २०२६ ची तयारी करतो आहोत. गंमत अशी की विमानाची भीती गेल्यामुळे आता अम्मीही येणार आहेत. "झोक्यावर बसणार नाही, पिशव्या सांभाळीन," म्हणतात.

ही तयारी करताना जे कळले ते इथे लिहितो आहोत, कारण आपल्या घरांत हे प्रश्न जवळपास सारखेच असतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांत. अम्मींच्या आधारवर "बी" नावाला चिकटून एकच शब्द, रेशनकार्डावर "बेगम", मतदार यादीत शेख आधी आणि बँकेत शेख शेवटी. आपल्यातल्या किती बायकांची कागदपत्रे अशी आहेत, ते घरात एकदा सगळी एका ताटात ठेवून बघा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवून एकाच शब्दात नाव लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून असे एकशब्दी नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालते, असा खुलासा नंतर झाला. आम्ही धोका पत्करला नाही. उमऱ्यासाठी पासपोर्ट करतानाच आधी आधार दुरुस्त केले, मग नाव आणि आडनाव वेगवेगळे भरले. दोन महिने गेले, पण त्यानंतर कुठे अडले नाही.

मुलांचे पासपोर्ट त्यामानाने सोपे. नागपूरला एका दिवसात जाऊन येता येते. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि आठ वर्षांखालच्यांना शुल्कात दहा टक्के सूट असते. आईवडील दोघांच्या संमतीचा अर्ज लागतो. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा असतो, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळले. धाकट्याला कडेवर घेऊन स्टुडिओ शोधत फिरलो, आणि फोटोत त्याने डोळे मिटले ते मिटलेच. चार वेळा. आणखी एक : प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

कधी जायचे, हे आमच्यासाठी धानाने ठरवले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिल सोडून हलता येत नाही. आधी याचे वाईट वाटले, कारण नाताळच्या सुट्टीत शाळा बुडली नसती. पण २० डिसेंबर ते ५ जानेवारी हाच जगभराच्या गर्दीचा काळ, तिकिटे आणि खोल्या तेव्हाच सर्वांत महाग. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या शाळाही सुरू झालेल्या असतात. म्हणून १२ जानेवारीचा सोमवार धरला आहे. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते, तेव्हा पार्कचे दिवस मंगळवार ते गुरुवार. दुसरीतली पाच दिवसांची शाळा बुडेल. बाईंना आधीच सांगितले. खोटा आजार कळवायचा नाही, असे मुलीसमोरच ठरवले.

इथे एक गोष्ट मोठ्या मुलांच्या आईबाबांनीही लक्षात घ्यावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येईल, २०२८ मध्ये जानेवारीअखेर, आणि २०३० मध्ये तर दोनदा सुरू होईल : एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे "पुढच्या हिवाळ्यात बघू" असे म्हणत राहिलो, तर काही वर्षांत हिवाळ्याची सुट्टी रोज्यातच येणार.

कुठे जायचे यावर मात्र फार वाद झाला नाही. सिंगापूरचे युनिव्हर्सल स्टुडिओज आम्ही बघितले, पण तिथे डिसेंबर आणि जानेवारीचा सुरुवातीचा काळ पावसाचा. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबतात. खाण्याचा प्रश्न तिथे तसा नाही, मुइस या संस्थेची हलाल खूण बघून घ्यायची. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्येही हलाल प्रमाणपत्र असलेले उपाहारगृह आहे. पण दोन्हीकडे जायला विमान बदलावे लागते, आणि अम्मींचे गुडघे व चार वर्षांचे पोर घेऊन ते नको वाटले. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे. घरापासून नागपूर दोन-अडीच तास, पुढे विमानात चारेक तास. बस.

शारजात उतरायचे म्हणून शारजातच स्वस्त हॉटेल घ्यावे, असे आम्हालाही वाटले होते. मग नकाशा काढला. मोशनगेट आणि लेगोलँड ज्या दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्समध्ये आहेत, ते २०१६ मध्ये सुरू झालेले संकुल जबल अलीकडे, अबूधाबीच्या रस्त्यावर आहे. शारजा बरोबर उलट्या टोकाला. दुबई-शारजा रस्त्याची संध्याकाळची कोंडी तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना विचारा. हॉटेलात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील आणि वर झोपलेले मूल खांद्यावर.

नागपूरच्या एका एजंटने "चार रात्री, पाच पार्क" असे पॅकेज दिले होते. फेरारी वर्ल्डही त्यात. तिथला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटरने धावतो म्हणे. चार वर्षांच्या मुलाला त्याचा काय उपयोग? पैसे मात्र पाचही जणांचे. मोठ्या झोक्यांना साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंची लागते आणि लहानांच्या रोलर कोस्टरला मीटरभराच्या आसपास. प्रत्येक पार्कच्या संकेतस्थळावर राइडनिहाय यादी असते. तिकीट काढण्याआधी ती काढा आणि मुलाला भिंतीला उभे करा. आम्ही यादी बघून दोनच पार्क ठरवले. पहिला लेगोलँड, तो मुळात दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच आहे. दुसरा आयएमजी वर्ल्ड्स, पूर्ण छताखाली. अम्मींना बसायला सावली आणि जवळच स्वच्छतागृह. त्याच बाजूच्या रस्त्यावर ग्लोबल व्हिलेज, जे फक्त हिवाळ्यातच भरते. मधला एक दिवस रिकामा. पॅकेज घेतले तर टीसीएस कापतात, तो विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येतो. पावती जपून ठेवा. एजंटला संपूर्ण रक्कम रोख आणि आगाऊ हवी होती, तेव्हा आम्ही उठून आलो.

दोन पार्कचा निर्णय खरे तर हैदराबादने घेतला. बिर्शीहून हैदराबादचे विमान डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिकडे जाणे सोपे झाले आहे, म्हणून ऑगस्टमध्ये तालीम म्हणून मुलांना वंडरलाला नेले. पहिले दोन तास जन्नत. तिसऱ्या तासाला धाकटा एका मोठ्या बाहुल्याला बघून असा घाबरला की परत गेटजवळच बसला. चौथ्या तासाला थोरली रांगेत रडली. घरी आल्यावर दोघांनी सगळ्यांना सांगितले काय? तर हॉटेलची लिफ्ट. आम्ही जे पैसे "पूर्ण दिवस" म्हणून मोजतो, त्यातले चार तास मुलांचे असतात. उरलेला वेळ आपल्या हट्टाचा.

सामानाबद्दल एवढेच. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्या विदर्भातल्या घरी भाजून केलेल्या सावजी मसाल्यात ती असतेच, त्यामुळे मसाल्याची पुडी डब्यात घालू नका, कितीही मन झाले तरी. पान, गुटखा, खर्राही नको. मामूंना हे दोनदा सांगावे लागते. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे परवानगीशिवाय नेता येत नाहीत, म्हणून खोकल्याच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा आणि अम्मींच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. दिवसा स्वेटर लागत नाही, संध्याकाळी लागतो. नमाजखाने मॉलमध्ये, पेट्रोल पंपावरही असतात. जानेवारीत मगरिब सहाच्या आत होते, तेव्हा पार्कमधून निघण्याची वेळ तिच्या हिशेबानेच ठरवली आहे, म्हणजे मुलांनाही "अजून एक" म्हणायला जागा नाही.

पैशांचे सांगायचे तर निम्म्याहून जास्त विमान आणि व्हिसात गेले. खेळण्यांच्या दुकानासाठी प्रत्येकाला आधीच ठरलेली रक्कम आहे. थोरलीने तिच्यातले काही शंभर रुपये बाजूला ठेवले आहेत. मिलवर काम करणाऱ्या मावशींच्या मुलीसाठी पेन्सिलचा डबा आणायचा आहे. फोटो शाळेत न्यायचे की नाही, यावर आमचे अजून ठरलेले नाही. तो एक फोटो बघून आमच्या घरी वर्षभर काय झाले, ते आम्हाला माहीत आहे.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आता पेन्सिलच्या रेघा आहेत. गेल्या वर्षी भिशी लागली तेव्हा धाकटा चौऱ्याण्णव होता. तेव्हा गेलो असतो तर निम्म्या झोक्यांपाशी त्याला बाहेर धरून उभे राहावे लागले असते. परवा मोजले तेव्हा एकशे दोन भरला. त्याचा विश्वास बसेना. बूट घालून आला आणि म्हणाला, दादी, परत मोज.