एका मिनिटाच्या आधी आणि नंतर

पाच टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखाला लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. खोलीत व्हिनेगरचा आंबूस वास येतो. पेशी कर्करोगाच्या दिशेनं बदलू लागल्या असतील, तर तेवढी जागा पांढरी पडते आणि शिकलेल्या नजरेला ती दिसते. महागडं यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशभरातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या 1.9 टक्केच निघाल्या. शंभरात दोनही नाहीत.

हा आकडा एवढा लहान का, ते मलकापुरातून नीट दिसतं. शाहूवाडी तालुक्याची ही बाजारपेठ. ग्रामीण रुग्णालय इथंच आहे आणि कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय साधारण 45 किलोमीटरवर. पण तालुका आंबा घाटाकडे चढत जातो आणि वाड्या, धनगरवाडे डोंगरात विखुरलेले आहेत. भाताच्या रोपलावणीत बाईला एक दिवस मोडणं परवडत नाही, आणि एरवी सकाळ-संध्याकाळच्या धारा तिला सुटत नाहीत. त्यात दुखत तर काहीच नसतं, मग दवाखान्यात कशाला जायचं? म्हणून या कामाची खरी सुरुवात रुग्णालयात होत नाही, घराच्या ओसरीवर होते. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, तिशीपुढच्या बायकांचा आरोग्याच्या प्रश्नांचा फॉर्म भरते. मिश्री लावता का, स्तनात गाठ लागते का, हे विचारून होतं. पण सासू शेजारी बसलेली असताना ‘संबंधानंतर रक्त जातं का’ हे विचारायचं कसं? त्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या भेटीत मिळेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते मिळतं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, परड्यात, दोघीच असताना.

पुन्हा पुन्हा जाण्याचं मोल काय, याचा पुरावा महाराष्ट्रानंच जगाला दिला आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा याच ॲसिडनं केली. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, झालेल्या अभ्यासात हीच तपासणी एकदाच झाली, आणि तिथं मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. दोन्ही ठिकाणची माणसं आणि परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. तरी एकदा शिबिर घेऊन फोटो काढला की काम झालं, असं मानणाऱ्यांनी ही तुलना डोळ्यांसमोर ठेवावी.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की, त्याच उस्मानाबादच्या अभ्यासात, या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मग ॲसिडची एवढी पायपीट कशाला, ती चाचणीच गावोगाव न्या. ती न्यायलाच हवी, आणि तिचा नमुना बाईला स्वतः घेता येतो हा मोठाच दिलासा आहे. पण विषाणू सापडलेल्या बाईला पुढच्या तपासणीला आणि उपचाराला कुणीतरी आणावंच लागतं. चाचणी बदलली तरी आशाताईची फेरी चुकत नाही. दुसरा आक्षेप भीतीचा. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. बऱ्याचदा ती साधी सूज असते, आणि बाई उगाच धसका घेते. हेही खरंच आहे. पण तो धसका डाग दिसल्यावर तिला एकटी सोडल्यानं वाढतो. डाग म्हणजे काय हे तिथंच समजावलं आणि शक्य असेल तर त्याच दिवशी उपचार केला, तर भीतीला घर करायला वेळच मिळत नाही.

उस्मानाबादच्या अभ्यासात तुलनेसाठी 31 हजारांहून अधिक बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या. त्यांतल्या 64 जणी या रोगानं दगावल्या. त्या पद्धतीवर नैतिक वाद झाला आणि तो रास्त होता. त्या बायकांचं देणं आपल्यावर आहे. ते फेडायचं, तर शिबिराच्या अहवालात ‘किती तपासल्या’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: डाग दिसलेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले, आणि त्यासाठी आशाताईला किती फेऱ्या पडल्या. त्या फेऱ्यांचा मोबदलाही तिला मिळायला हवा. ॲसिड लावून थांबायचं ते एकच मिनिट असतं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने आशाताईचे असतात, आणि शंभरातल्या उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणी त्या महिन्यांतच भेटणार आहेत.