धडक देणारा पसार झाल्यावर

रात्री घरासमोर उभी केलेली मोटार सकाळी पाहावी, तर मागचा बंपर आत गेलेला, दिव्याच्या काचा रस्त्यावर विखुरलेल्या आणि धडक देणाऱ्याचा मागमूसही नाही. हा अनुभव मुंबई-पुण्याच्या वाहनधारकांना येतो, तसाच नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी ग्राहकांनाही येतो. संताप साहजिक आहे. परंतु नुकसानभरपाई मिळणार की नाही, हे बहुतांशी पहिल्या एक-दोन दिवसांत आपण काय करतो यावर अवलंबून असते.

कायदा वाहनधारकाच्या बाजूने आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 134 नुसार अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर घटनास्थळी पोलीस नसल्यास चालकाने शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी दिली पाहिजे. न दिल्यास कलम 187 खाली शिक्षा आहे. प्रश्न असतो तो चालक सापडण्याचा.

म्हणून गाडी हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत: नुकसानीची जवळून, आणि आजूबाजूची दुकाने व वळण दिसेल अशी दुरूनही. दुसऱ्या वाहनाचा रंग आपल्या पत्र्यावर उतरला असेल तर तो पुसू नये. यापेक्षाही निकडीचे म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण. सोसायटीच्या व दुकानांच्या यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे भरते. ‘चित्रण जपून ठेवावे’ अशी लेखी विनंती सचिवांना व दुकानदारांना त्याच दिवशी द्यावी. तोंडी सांगणे चार दिवसांत विसरले जाते.

पोलीस ठाण्यात पुष्कळांची निराशा होते, कारण प्रत्येक वर्दीचा एफ.आय.आर. होत नाही. जीव धोक्यात येईल असे बेदरकार वाहन चालविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खालील दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितले. उभ्या, रिकाम्या गाडीला धक्का लागला असेल तर मात्र बहुधा अदखलपात्र नोंद होते किंवा नुसता अर्ज घेतला जातो. त्यावरून ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालण्यात हशील नाही. किरकोळ नुकसानीसाठी विमा कंपन्या सहसा एफ.आय.आर.चा आग्रह धरत नाहीत. नोंद क्रमांक, तारीख व शिक्का असलेली प्रत हाती असली म्हणजे पुरते. कोणी जखमी झाले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी 112 व रुग्णालय, आणि एफ.आय.आर. हवाच. दखलपात्र गुन्ह्याची वर्दी आता हद्दीचा प्रश्न न येता कोणत्याही ठाण्यात देता येते, ही परगावी असलेल्यांची मोठी सोय आहे.

‘हिट अँड रन’साठी सरकार पैसे देते, असेही ऐकू येते. कलम 161 खालील ती योजना केवळ माणसांसाठी आहे. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूस 2 लाख व गंभीर दुखापतीस 50,000 रुपये देण्याची तरतूद आहे. पत्र्याला तीतून काही मिळत नाही. तसेच आपल्याकडे केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर आपल्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती त्यात बसत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण लागते.

ते असल्यास विमा कंपनीस लगेच कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. दावापत्रात चालकाचा रकाना असतो. तेथे ‘गाडी उभी होती’ असे स्वच्छ लिहावे. काही गॅरेजवाले ‘खांबाला लागली म्हणा, लवकर पास होईल’ असा सल्ला देतात. तो ऐकू नये. पोलिसांकडे एक आणि कंपनीकडे दुसरे असे दोन जबाब झाले, की दावा नाकारण्याचे कारण आपणच पुरविलेले असते. कळविण्यास उशीर झाला एवढ्यावरून मात्र खरा दावा फेटाळता येईलच असे नाही. गुरशिंदर सिंग प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या दाव्यात, पोलिसांत वेळेवर नोंद झालेली असताना कंपनीस उशिरा कळविणे हे नकाराचे कारण मानले नाही.

दावा करावा की नाही, हा निर्णय रागाच्या भरात न घेता कागद-पेन्सिल घेऊन घ्यावा. समजा, नवा बंपर 6,000 रुपये व रंगकाम 4,000 रुपये. बहुतेक विमापत्रांत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात आणि रंगकामाच्या एकूण बिलाचा चौथा हिस्सा सामान मानून त्यावरही 50 टक्के. म्हणजे मान्य रक्कम 3,000 व 3,500, एकूण 6,500. त्यातून 1,500 सी.सी.पर्यंतच्या गाडीचे सक्तीचे 1,000 रुपये वजा जाता हाती येतात 5,500. आता दुसरी बाजू. आपला नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोहोचला असेल आणि ‘ओन डॅमेज’चा मूळ हप्ता 10,000 असेल, तर आपण 5,000 भरत होता. दाव्यानंतर बोनस शून्यावर येतो व पुढे दावा न केल्यास 20, 25, 35, 45, 50 असा पुन्हा चढतो. हप्ता तोच धरल्यास पाच वर्षांत 12,500 रुपये जादा भरावे लागतात. साडेपाच हजारांसाठी साडेबारा हजार! ‘झिरो डेप्रिसिएशन’ किंवा बोनस संरक्षणाची जोड घेतली असेल तर हिशेब बदलतो. म्हणून आपले विमापत्र आधी वाचावे.

नुकसान मोठे असल्यास दावा करावाच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, तर सामान्यतः गाडी पूर्ण नष्ट झाल्याचे धरतात. अशा वेळी वाहनकर्ज चालू असेल, तर रक्कम प्रथम बँकेच्या येणे बाकीकडे जाते, उरलेली ग्राहकास. कर्ज फिटूनही आर.सी.वरील बँकेची नोंद अनेकजण काढून घेत नाहीत आणि नेमक्या दाव्याच्या वेळी कागद अडतो. शाखेतून ना हरकत पत्र व फॉर्म 35 घेऊन ती नोंद आधीच रद्द करून घ्यावी.

कंपनीने दावा नाकारला वा कमी मंजूर केला, तर प्रथम तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.