भूमि-अभिलेखांचे माहितीसंचय व त्यांची जोडणी

परस्परसंबंधित नोंदी ठराविक रचनेच्या कोष्टकांत साठविल्या असता त्या समूहास माहितीसंचय किंवा डेटाबेस म्हणतात. हा संचय सांभाळणारी, अनेकांच्या मागण्या एकाच वेळी स्वीकारून त्यांना उत्तरे देणारी व नोंदींत होणाऱ्या बदलांची सुसंगती राखणारी जी आज्ञावली, तिला डेटाबेस सर्व्हर अशी संज्ञा आहे. ती ज्या संगणकावर चालते त्यालाही व्यवहारात सर्व्हरच म्हटले जाते. निरनिराळ्या कार्यालयांनी निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हेतूंनी उभारलेले असे संचय एकमेकांस जोडणे, हा या शास्त्राचा अवघड भाग होय. महाराष्ट्रात सामान्य खातेदाराचा ज्याच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो असे याचे उदाहरण म्हणजे दस्तनोंदणीचा संचय आणि अधिकार अभिलेखाचा संचय यांची जोडणी. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेड तालुक्याच्या अनुषंगाने तिचे स्वरूप येथे दिले आहे [⟶ गंगाखेड, जमीन महसूल पद्धती].

जमिनीविषयी दोन स्वतंत्र नोंदी होतात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे भारतीय नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये नोंदविले जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. म्हणजे मालकी हस्तांतरित होते ती येथे. दुसरी नोंद महसूल खात्याची. तलाठी (२०२४ मध्ये या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले) प्रथम गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, ती प्रमाणित झाल्यावर गाव नमुना ७ मध्ये नाव बदलते. गाव नमुना ७ व पिकांचा गाव नमुना १२ मिळून होणारा सातबारा उतारा मालकी निर्माण करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. परंतु पीककर्ज, विमा, संपादनाचा मोबदला व अनुदान या सर्व ठिकाणी शेतकऱ्याकडे मागणी होते ती सातबाऱ्याचीच. त्यामुळे दस्त एका नावाचा व सातबारा दुसऱ्या नावाचा अशी स्थिती राहिल्यास नुकसान खरेदीदाराचे होते आणि कित्येकदा तीच जमीन दुसऱ्यास विकण्याची संधीही मूळ विक्रेत्यास मिळते.

दोन्ही नोंदी जोडण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याने हस्तांतरणाची सूचना संबंधित तलाठी व तहसीलदार यांना पाठवावी, असे याच संहितेच्या कलम १५४ मध्ये पूर्वीपासूनच आहे. ही सूचना कागदावर जाई. ती वेळेवर पोहोचणे टपालावर आणि ती वहीत चढणे तलाठ्याच्या सवडीवर अवलंबून असे. व्यवहारात खरेदीदारच दस्ताची प्रत घेऊन सज्जावर खेटे घाली. संगणकीय जोडणीने कलम १५४ च्या त्या कागदाला वेगवान वाहन दिले.

पार्श्वभूमी : गंगाखेड हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे येथील जुने अभिलेख पश्चिम महाराष्ट्रातील अभिलेखांहून वेगळ्या घडणीचे आहेत. फसली सनाचे दप्तर, सेतवार व १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक ही त्यांतील महत्त्वाची साधने होत. पुढे १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्याची योजना जेथे राबविली गेली तेथे सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. एकाच शेताची अशी दोन-तीन पिढ्यांची वेगवेगळी नावे आजही वादात निघतात.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला व २०१६ मध्ये त्याचे रूपांतर डिजिटल इंडिया भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात झाले. महाराष्ट्रात दस्तनोंदणीसाठी ‘सरिता’ व नंतर मध्यवर्ती स्वरूपाची ‘आय-सरिता’ ही प्रणाली, तर महसुली नोंदींसाठी ‘ई-फेरफार’ ही प्रणाली वापरात आली. हस्तलिखित सातबारे संगणकात चढविताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी-वाचन घेण्यात आले, व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला.

सर्व्हरची मांडणी : कोष्टकांवर आधारित संचयाचा सिद्धांत ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. त्यातून निघालेल्या एसक्यूएल या पृच्छाभाषेचे पहिले अमेरिकन प्रमाण १९८६ चे आहे. आजचे बहुतेक सर्व्हर याच घराण्यातील होत. असा सर्व्हर बसविताना त्याची सर्व अंगे एकदम चालू करावयाची नसतात. साठवण व पृच्छा हे मुख्य अंग. त्याशिवाय शब्दशोध, प्रतिरूपण, अहवाल, दूरस्थ सर्व्हरशी जोडणी इ. अंगे गरजेनुसार निवडावी लागतात, कारण चालू ठेवलेले प्रत्येक अंग हे बाहेरून आत येण्याचे एक दार असते. दूरस्थ जोडणीसाठी वेगळे, फक्त आवश्यक कोष्टकांपुरते अधिकार असलेले खाते ठेवतात. प्रत्येक बदल मूळ कोष्टकात स्थिर होण्यापूर्वी सर्व्हर तो क्रमाने एका वहीत टिपतो. ही वही म्हणजे सर्व्हरची रोजकीर्दच. वीज गेली किंवा यंत्र बिघडले, तर राखून ठेवलेली प्रत व ही रोजकीर्द यांवरून संचय पुन्हा उभा करता येतो. अशी प्रत केवळ घेऊन भागत नाही, ती उलट उभी करून पाहावी लागते. या गोष्टीकडे सर्वत्र दुर्लक्ष होते.

मराठी नोंदींच्या बाबतीत आरंभीच घ्यावयाचा व नंतर बदलण्यास फार जड जाणारा निर्णय म्हणजे अक्षरांचे संकेतन व वर्णक्रम. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा बराच मजकूर विशिष्ट टंकांच्या खाजगी संकेतांत साठविलेला होता. भारतीय मानक संस्थेचे इस्की हे संकेतन १९९१ चे. परंतु सर्वांनी ते पाळले नाही. युनिकोडमध्येही डोळ्यांस सारखे दिसणारे शब्द सर्व्हरला भिन्न वाटू शकतात. ‘कऱ्हाळे’ या आडनावातील अर्धा ऱ दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर फरक दिसत नाही. पण नावाची तुलना करणारी पृच्छा मात्र दोन माणसे समजते. गट क्रमांक एका कार्यालयात ‘४५/अ’ असा देवनागरीत व दुसऱ्यात रोमन लिपीत लिहिलेला असला, तरी हेच होते.

जोडणीच्या रीती : सर्वांत जुनी रीत म्हणजे एका संचयातून ठराविक वेळी नोंदींची फाईल काढून ती दुसऱ्यात भरणे. ती सोपी असली, तरी दोन भरणांमधील काळात दोन्ही संचय वेगळे बोलत राहतात. दुसऱ्या रीतीत एक सर्व्हर दुसऱ्याची कोष्टके स्वतःचीच असल्याप्रमाणे वाचतो. याकरिता उभयतांना समजेल असा दुभाषा लागतो. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रसृत केलेले ओडीबीसी हे अशा दुभाषांचे प्रमाण बरेच रूढ झाले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये यास लिंक्ड सर्व्हर म्हणतात, तर पोस्टग्रेसमध्ये परकीय कोष्टकांची सोय २०११ पासून आहे. ही रीत हाताशी सोयीची. मात्र एका बाजूने कोष्टकाची रचना बदलली की दुसरी बाजू बंद पडते, आणि दूरचा सर्व्हर मंद झाला की जवळचाही मंद होतो. म्हणून दोन स्वतंत्र खात्यांमध्ये तिसरी रीत अधिक इष्ट : परस्परांच्या कोष्टकांत हात न घालता ठरलेल्या नमुन्यातील निरोपांची देवाणघेवाण करणे. निरोप पोहोचला नाही, तर तो रांगेत राहतो व पुन्हा पाठविला जातो. दोनदा पोहोचला, तर क्रमांकावरून दुसरा टाकून देता येतो.

समजा, गंगाखेडलगतच्या एखाद्या गावातील ८० आर जमिनीचे खरेदीखत झाले. नोंदणीच्या वेळी गाव व गट क्रमांक देऊन महसुली संचयातील सातबारा पाहिला जातो आणि लिहून देणार खरोखर खातेदार आहे की नाही, हे ताडले जाते. दस्त नोंदविला की त्यातील पक्षकार, क्षेत्र, दिनांक इ. तपशील तहसिलीकडे जातात व त्यावरून फेरफार क्रमांक पडतो. येथे शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. दोन सर्व्हरांवरील बदल एकतर दोन्हीकडे व्हावा किंवा कोठेच होऊ नये, यासाठी द्विपद संमतीची पद्धत आहे (तिचे विवेचन जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये केले) : प्रथम दोघांकडून तयारीचा होकार घ्यावयाचा, मग दोघांना पक्के करण्यास सांगावयाचे, व तोवर संबंधित नोंदी कुलूपबंद ठेवावयाच्या. बँकेतील रक्कम हलविताना ही कुलुपे क्षणभराची असतात. फेरफाराच्या बाबतीत ही पद्धत लागूच पडत नाही, कारण संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांस नोटीस देऊन, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबून, मगच मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची असते. हरकत आल्यास प्रकरण गाव नमुना ६अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते.

जोडणीतील हा विलंब पुष्कळांना दोष वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो दोष नसून रक्षण आहे. न विचारता विकल्या गेलेल्या वाट्याची वारसदार बहीण, तोंडी वाटणीने वहिवाटणारा भाऊ किंवा कूळ यांना बोलण्याची संधी मिळते ती याच पंधरा दिवसांत. खरी उणीव अशी, की त्या काळात दोन्ही संचय भिन्न गोष्टी सांगतात व तिऱ्हाइतास ते कळत नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारताना शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि फेरफार प्रलंबित आहे किंवा नाही हे उताऱ्यावरच दर्शविण्याची सोय झाली, ती यादृष्टीने उपयुक्त आहे.

ओळख-क्रमांकाचा प्रश्न : दोन संचय जोडणे म्हणजे दोहोंत समान असलेल्या एखाद्या खुणेवर विसंबणे. नाव ही खूण कच्ची. मराठवाड्यात पाठ्यनाव, हाकेचे नाव व वडिलांचे नाव यांची सरमिसळ असते. विवाहित स्त्रीचे नाव एका अभिलेखात माहेरचे व दुसऱ्यात सासरचे असते. म्हणून गावाचा संकेतांक व गट क्रमांक यांवर भर दिला जातो. परंतु संकेतांकही स्थिर नसतात. पूर्वीच्या मोठ्या गंगाखेड तालुक्यातील काही गावे पुढे नव्या तालुक्यांत गेली. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तालुक्याचा संकेतांक ज्या ओळख-क्रमांकात गुंफलेला असतो तो अशा वेळी मोडतो, व जुन्या-नव्याची सांगड घालणारे स्वतंत्र कोष्टक ठेवावे लागते. भूभागास एकमेव क्रमांक देण्याची अलीकडील योजना याच अडचणीवरचा उपाय होय.

क्षेत्राची बेरीज ही सर्व्हरने सहज करावयाची तपासणी : गटातील सर्व खातेदारांचे क्षेत्र मिळून गटाच्या क्षेत्राइतके झालेच पाहिजे. प्रत्यक्षात जुने दप्तर एकर-गुंठ्यांत (४० गुंठ्यांचा एकर, एक गुंठा सु. १०१ चौ. मी.) व नवे हेक्टर-आरमध्ये असल्याने रूपांतरात तुकडे सांडतात. एक हेक्टर तीन भावांत वाटून प्रत्येकास ०·३३ हेक्टर लिहिले, तर एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा कोणाचाच राहत नाही. सर्व्हर असा सातबारा अडवून धरतो आणि जी तफावत कागदावर पन्नास वर्षे निवांत बसली होती, तीमुळे विक्री थांबते. शेतकऱ्यास हा संगणकाचा अडेलपणा वाटतो. वास्तविक चूक जुनी असते. तिच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे जावे लागते आणि त्या हेलपाट्यांचा भार मात्र चूक न केलेल्या माणसावर पडतो, हेही तितकेच खरे. ‘इतर हक्क’ या स्तंभातील मुक्त मजकूर, उदा., कुळाची नोंद, विहिरीतील वाटा, बँकेचा बोजा, यंत्रास तपासता येत नाही. त्यासाठी वाचणारा माणूसच हवा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची व्यवस्था सुरू झाली. बोजा चढविणे-उतरविणे व वारसनोंद यांसाठीचे अर्जही संगणकावरून करता येतात. प्रत्येक नव्या जोडणीबरोबर सातबाऱ्यातील एका चुकीची व्याप्तीही वाढते : पूर्वी ती एका उताऱ्यावर राही, आता ती विम्याच्या व अनुदानाच्या यादीत त्याच दिवशी उतरते.

संगणकीकरणापूर्वीच्या फेरफारांच्या व खासऱ्यांच्या प्रतिमा घेण्याचे काम स्वतंत्रपणे चालते. प्रतिमा म्हणजे चित्र. त्यातील गट क्रमांक वा नाव सर्व्हरच्या कोष्टकात आपोआप येत नाही, आणि उर्दू व मोडी लिपीतील नोंदी वाचून त्यांची सूची करणारे जाणकार थोडे आहेत. त्यामुळे गंगाखेडसारख्या तालुक्यात जमिनीच्या मुळाचा वाद निघाला, म्हणजे पक्षकारास संगणकावरील उताऱ्याबरोबरच अभिलेखागारातून खासरा पाहणीपत्रकाची नक्कल काढून, ती वाचवून घ्यावी लागते.