कोष्टकात न येणारे दुःख

या अहवालातील प्रसूतींचे कोष्टक आपण पाहिले असेलच. त्यात ज्यांची गणना होत नाही, अशा दांपत्यांविषयी येथे थोडे निवेदन करावयाचे आहे.

निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी साधारणतः १० ते २० टक्के गर्भपातात संपतात. वारंवार गर्भपात होणारी दांपत्ये शेकडा एक-दोन असतात आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांना सर्व तपासण्यांनंतरही निश्चित कारण सापडत नाही. कारण सापडले नाही की स्त्री ते स्वतःतच शोधू लागते. बादली उचलली, प्रवास केला, पपई खाल्ली! वस्तुतः पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. हे डॉक्टर समजावून सांगतात, तथापि घरी गेल्यावर शेजारणीचा प्रश्न अधिक ऐकू येतो.

मृत्यू झाला की माणसे भेटीस येतात, दहावे-तेरावे होते. येथे बहुधा तसे काही घडत नाही. उलट पुढच्याच महिन्यात नात्यातील डोहाळजेवणाचे आमंत्रण येते. ज्यांना दिवसच राहत नाहीत, त्यांच्या वाट्याला हीच निराशा दर महिन्याच्या पाळीबरोबर येते.

पतीच्या दुःखाची दखल तर त्याहून कमी. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. पतीविषयी त्यात काही नव्हते. तो बिलाच्या खिडकीपाशी शांतपणे उभा असतो, औषधे आणतो, पुढील उपचारांची चौकशी करतो. पत्नीला धीर यावा म्हणून तो पुढचे बोलतो आणि हा सारे विसरला, असे तिला वाटते. समुपदेशनास दोघांनी एकत्र यावे, असा आमचा आग्रह असतो तो याचसाठी.

एक चूक येथे नमूद करणे प्राप्त आहे. तिसऱ्या गर्भपातानंतर घरी गेलेल्या एका भगिनीस आमच्याच स्वागतकक्षातून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची आठवण देणारा दूरध्वनी गेला. त्यांनी "आता येणार नाही" एवढेच सांगून फोन ठेवला. वहीतील तारीख कोणी खोडली नव्हती. तेव्हापासून घरी सोडण्याच्या कागदांवर सही होण्यापूर्वी पुढील सर्व तारखा रद्द केल्या जातात व तशी नोंद परिचारिका स्वतः करते. अशा रुग्णांस बाळंतिणींच्या कक्षात न ठेवता वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली देण्यात येते. तेथे पतीसही रात्री थांबता येते. सध्या अशी एकच खोली आहे. दुसरीचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.