कुरळे केस ‘खराब’ नसतात, तहानलेले असतात. खारपाणपट्ट्यात त्यांची काळजी कशी घ्याल?

“काय ते पिंजारलेले केस! तेल लाव अन् घट्ट वेणी घाल.” दाट कुरळे केस असलेल्या अनेक मुली हे लहानपणापासून ऐकत मोठ्या होतात. मग लग्नसराई आली की पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घ्यायचा विचार डोक्यात येतो. त्याआधी हे केस असे का वागतात ते समजून घेऊया.

कुरळे केस कोरडे का पडतात?

केसाचं मूळ त्वचेत वाकडं बसलेलं असेल तर केस वळत वाढतो. टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात मात्र ते वळणावळणावर अडतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं चित्र दिसतं. केस जितके जास्त कुरळे, तितकी त्यांना ओलाव्याची गरज जास्त.

पाण्याचा काय संबंध?

बडनेऱ्याहून भातकुली, दर्यापूरकडे निघालं की पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत तो पसरला आहे. इथल्या अनेक विहिरींचं आणि बोअरचं पाणी खारट असतं. क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट थर केसांवर बसतो. आधीच कोरडे असलेले कुरळे केस मग आणखी राठ होतात.

त्यामुळे अंगाच्या साबणाने केस धुऊ नका. घरी बोअरचं पाणी येत असेल, तर निदान शेवटचे एक-दोन तांबे फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

केस कसे धुवायचे?

1. न्हाण्याआधी तासभर तेल लावा. तेलाने ओलावा मिळत नाही, पण केसात असलेला ओलावा टिकायला मदत होते.
2. सौम्य शाम्पू फक्त टाळूला चोळा. रोज शाम्पू नको.
3. कंडिशनर टोकांना भरपूर लावा आणि केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरा. कोरडे केस विंचरले की ते पिंजारतात आणि तुटतात.
4. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती ओढणीने हलकेच टिपून घ्या.

गुंता बरेच दिवस सोडवला नाही तर त्याची जट होते. ती देवीची खूण नसते. ती सोडवता येत नसेल तर कापून टाकण्यात कसलाच दोष नाही.

महागड्या जेलऐवजी जवस

जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी होते. त्याच जवसाचं जेलही करता येतं. पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट झालं की गरम असतानाच कापडातून गाळा, थंड झाल्यावर गाळणं कठीण जातं. ओल्या केसांना लावून केस मुठीत धरून खालून वर दाबा आणि तसेच वाळू द्या. उरलेलं जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

केस सरळच करायचे असतील तर?

तो निर्णय तुमचा आहे. पण बाटलीवरचं लेबल आधी वाचा. काही उत्पादनांतून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रासदायक असतो आणि त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे. ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणंही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. पार्लरवाल्या ताई लेबल दाखवत नसतील तर सरळ नाही म्हणा. शिवाय मुळातून येणारा नवा केस पुन्हा कुरळाच येतो, म्हणजे हा खर्च परत परत करावा लागतो.

वरची पद्धत महिनाभर करून पाहा. टाळूला सतत खाज येत असेल किंवा केस पुंजक्याने गळत असतील, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.