धातुशोधकाचे वेटोळे घरच्या घरी दुरुस्त करा

कुंपणाची जुनी तार काढून नवी ओढली की काम संपले, असे आपण समजतो. पण पकडीने तोडलेले बोटभर तुकडे गवतात पडतात आणि तिथेच राहतात. गाय घास निवडून खात नाही. जिभेने ओढते आणि पुरता न चावता गिळते. गवताबरोबर तार पोटात गेली तर जाळीच्या पोटात अडकते. तिथून हृदय फार दूर नाही. मध्ये एक पातळ पडदा, एवढेच. तार टोचत पुढे सरकली की दुभते जनावर हातचे जाते.

आमच्या वाडीत अशी एक गाय गेली. तेव्हापासून कुंपणाचे काम झाले, की धातुशोधक यंत्र घेऊन बांध पायाखाली घालायचा, असा आम्ही नेम केला. यंत्र चार घरांत मिळून एक. मागच्या पावसाळ्यानंतर ते बिघडले. गवताला टेकले तरी ओरडायचे आणि खिळा पुढे धरला तर गप्प! दुकानदाराने पाहताच सांगितले, "कॉइल गेली, नवी घ्या." नवीची किंमत ऐकून आम्ही यंत्र परत आणले आणि ओसरीवर उघडून बसलो. त्या दिवशी जे शिकलो, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

यंत्राच्या खालच्या तबकडीत मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. बहुतेक यंत्रांत ती दोन असतात. एकात वीज खेळते, तिच्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. धातू नसताना दुसरे वेटोळे शांत राहावे, अशा बेताने दोन्ही बसवलेली असतात. म्हणून पहिला नियम: वेटोळी जागची हलवू नका. केसभर सरकली तरी तोल जातो.

आता तपासणी. आधी नवे सेल घालून पाहा; निम्मे दुखणे तिथेच बरे होते. मग तबकडी जमिनीपासून वर धरून यंत्र चालू करा आणि केबल प्लगजवळ व तबकडीजवळ हलकेच वाकवा. वाकवताना आवाज आला, तर दोष केबलमध्ये आहे. तबकडीला बोटाने टिचकी मारल्यावर आवाज आला, तर आतले काही सुटले आहे किंवा पाणी शिरले आहे.

यानंतर यंत्र बंद करून प्लग काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या टोकांची जोडी जोडी तपासा. वेटोळे धड असेल, तर थोडे ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही, तर तार तुटली आहे. मोजताना केबल हलवत राहा. काटा नाचला, तर तुटकी जागा सापडलीच. काही यंत्रांत तबकडीतच छोटे सर्किट असते. तिथे या मोजणीवर विसंबू नका.

आमची तार केबल तबकडीत शिरते तिथेच तुटली होती. यंत्र घडी करताना नेमके तेच ठिकाण वाकते. तुमचेही तसेच असेल, तर कोणत्या रंगाची तार कुठे जाते ते आधी कागदावर लिहा. खराब तुकडा कापा. केबल चार बोटे आखूड झाली तरी चालते, पण दुसऱ्याच जातीची केबल जोडू नका. मुलाम्याची तार असेल, तर बारीक पॉलिश कागदाने घासल्याशिवाय डाग धरत नाही. प्रत्येक तार वेगवेगळ्या अंतरावर डागून तिच्यावर नळी चढवा, म्हणजे जोड एकमेकांना लागणार नाहीत. बाहेरची जाळी तिच्याच तारेला जोडा. ती सुटली, तर ओले गवत लागले तरी यंत्र ओरडते.

पाणी शिरले असेल, तर तबकडी सावलीत, वाऱ्यावर चार-सहा दिवस वाळवा. चुलीजवळ ठेवू नका, प्लास्टिक वाकते. मग तडा इपॉक्सीने बुजवा. आतला पत्रा किंवा कागदी चकती पूर्ण कड्यासारखी जोडू नका; तिला मुद्दाम फट ठेवलेली असते. सबंध तबकडी रेझिनने भरलेली असून तार आत तुटली असेल, तर मात्र हात आवरा. तिथे नवी तबकडीच बरी.

परीक्षा घेताना लोखंडी खाट, पत्र्याची पेटी यांपासून दूर जा. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल अशाच यंत्राने ती शोधायला गेले होते. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या; त्यांनी यंत्राचा गोंधळ उडवला आणि गोळी सापडली नाही. राष्ट्राध्यक्ष वाचले नाहीत.

एक सूचना कायद्याचीही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. किल्ले, जुनी देवळे, संरक्षित जागा येथे तर यंत्र घेऊन जाऊच नये.

आणि यंत्राचे ऐकून जनावराला काय झाले ते ठरवू नका. पोटात लोखंड असूनही गाय ठणठणीत असते. ती चारा सोडते, पाठ कमान करते, उतरणीवर पाय टाकायला बिचकते, तेव्हा लगेच पशुवैद्यांना बोलवा.

दुरुस्तीनंतर पहिल्याच फेरीत आम्हाला बांधावर तारेचे अकरा तुकडे सापडले. ते डब्यात घालून माळ्यावर ठेवले आहेत. त्यांतला एकच पुरला असता.